कायतान सर आणि तिसरी बाटली

कायतान सरांवर काही लिहायचं म्हटलं की मी आजवर टाळत आलो. शाळेच्या स्मरणिकेसाठी दोनदा विचारणा झाली. पहिल्यांदा मी डोळ्याच्या ऑपरेशनचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा दुसऱ्या डोळ्याचं. आता दोन्ही डोळे झाले आहेत, पंच्याहत्तरी उलटली आहे आणि सांगण्यासारखं कारण उरलेलं नाही. शिवाय सरांविषयीची एक गोष्ट आमच्या देवबागात अजून चुकीची सांगितली जाते. ती चुकीची आहे हे ठाऊक असलेला माणूस परवापरवापर्यंत मी एकटाच होतो. न लिहिता मी गेलो तर तीच खरी होऊन बसेल.

आम्ही दोघं मालवणातल्या एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायचो, ते विज्ञान. पोरं मला मास्तर म्हणत आणि त्यांना सर. सर उंच, सडपातळ, किंचित पुढे वाकलेले. सदैव विहिरीत डोकावून बघत असल्यासारखे. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत बाटल्या. पूर्वी त्या एस.टी.त एकमेकींवर आपटून किणकिणत, आणि गोव्याशी नातं असलेल्या ख्रिस्ती गृहस्थाच्या पिशवीतून असा आवाज आला की आजूबाजूचे लोक आपापसात मान हलवून हसत. एका कंडक्टरने तर एकदा आदराने विचारलं होतं, "सर, गोंयसून हाडलात काय? बरी आसा?" त्यावर सरांनी तितक्याच आदराने एक बाटली काढून त्याला हुंगायला दिली. आत खाडीतल्या चिखलाचं पाणी होतं. कंडक्टर पुढचे दोन थांबे दारातून नाक बाहेर काढून उभा होता. त्यानंतर लूसीबायनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, प्रत्येक बाटलीला जुना मोजा चढवला. त्यामुळे सरांच्या घरी मोजे सगळे बाटल्यांच्या पायात आणि सर कायम बिनमोज्याचे, चपलेत.

त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं काळी होती. काजूच्या बीचा चीक लागला की बोटं अशी काळी पडतात हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक, म्हणून नवखा माणूस त्यांना काजूवाला समजे. खरं तर तो चांदीच्या औषधाचा डाग. पाण्यात त्या औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात मीठ असेल तर ते दुधासारखं पांढरं होतं. किती पांढरं झालं यावरून मीठ किती ते कळतं. दुसरी परीक्षा साबणाच्या पाण्याची. बाटलीत एकेक थेंब टाकून ती हलवायची. दोन-चार थेंबांत फेस टिकला तर पाणी मऊ. थेंब घालून घालून हात दुखला तरी फेस धरत नसेल, तर पाण्यात चुना. घरातल्या न्हाणीशेजारच्या खोपीत ही दोन औषधं, एक काचेची नळी आणि एक वही, एवढ्या सामानावर सरांनी मालवणपासून देवगडपर्यंतच्या विहिरींची कुंडली मांडून ठेवली होती.

कुणाच्याही घरी गेले की चहा नाही, सरबत नाही, आधी पाणी. घोट तोंडात धरून डोळे मिटायचे. घरातले सगळे परीक्षेचा निकाल लागावा तसे उभे. मग सर डोळे उघडत.

"तुमच्या बावीवर आंबो आसा?"

"आसा. हापूस."

"पानां पडतत. तळाक कुजतत. झाकण घाला."

"घालतंव. चायत साखर किती घालूची?"

"साखर मगे. पयली पानां काडा."

विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात. सरांना माणसांची नावं फार लक्षात राहत नसत, बावी राहत. नव्या मुलाने नाव सांगितलं की ते विचारत, "खंयच्या बावीचो?" उत्तर मिळालं की त्यांचा चेहरा ओळख पटल्यासारखा उजळे. एकदा एका पालकाला ते म्हणाले, "तुमचो झील हुशार आसा. तुमच्या पाण्यात लोखंड मात्र जास्त." पालक घाबरून मुलाला डॉक्टरकडे घेऊन गेला.

वर्गात ते शुद्ध मराठी बोलत आणि शुद्ध बोलताना हात मागे बांधत. त्यांचा जांभ्यावरचा धडा मी शेजारच्या वर्गात व्याकरण शिकवताना भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकला की मला तो पाठ आहे. "मुलांनो, ज्या चिऱ्यांनी ही शाळा बांधली तो जांभा म्हणजे म्हातारा दगड. पावसाने त्याला लाखो वर्षं धुतलं. जे जे विरघळण्यासारखं होतं ते नेलं. चुना नेला, वाळूचा अंशसुद्धा नेला. मागे उरलं काय? लोखंडाचा गंज आणि हट्ट. म्हणून जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ. त्याला द्यायला दगडाकडे काही उरलेलंच नाही. आणि देवबाग? देवबाग म्हणजे वाळू, आणि वाळू म्हणजे शिंपल्यांचा चुरा. तिथलं पाणी चुना पिऊन बसलेलं." मग आवाज खाली यायचा. "माणूस आपला गाव लपवील. पाणी लपवत नाही. त्याला खोटं बोलताच येत नाही."

दरवर्षी ते वर्गाला खाडीकाठी नेत. भरती ओसरल्यावर काळा चिखल उघडा पडे आणि सडक्या अंड्यांचा वास सुटे. पोरं नाकं दाबत, सर छाती भरून श्वास घेत. "नाक सोडा! हा वास म्हणजे मेलेल्या पानांचं उत्तरकार्य आहे. चिखलात हवा पोचत नाही. मग आतले जीव समुद्राच्या मिठातला गंधक वापरून पानं पचवतात. तुम्ही वरण-भात पचवता तसं." एका वर्षी हेडमास्तर देखरेखीला आले होते, पांढऱ्या पॅन्टमध्ये. ते "अगदी माहितीपूर्ण" असं म्हणत मागे सरकले आणि गुडघ्यापर्यंत उत्तरकार्यात गेले. त्यांना बाहेर ओढल्यावर सरांनी आधी चिखलातलं भोक बघितलं आणि मग हेडमास्तरांकडे. "वाह," ते म्हणाले, "खोलवरचा नमुना मिळाला." त्यांनी तो हेडमास्तरांच्या पॅन्टवरून चमच्याने खरवडून घेतला.

देवबागात सरांचं नाव झालं ते शेवंताकाकीमुळे. ही माझी शेजारीण. तिची बाव आणि माझी बाव यांच्यामध्ये एक माड आणि एक कुंपण. तिची सून सुनीता कुडाळकडची, डोंगराच्या बाजूची. लग्नानंतर महिन्याभरात घरात काळ्या वाटाण्यांवरून युद्ध पेटलं. सुनेने केलेली उसळ शिजायचीच नाही, वाटाणे दातांखाली कडकडायचे.

"आवशीन तुका चूल तरी दाखवल्यान काय गो?" काकी विचारी.

"आमच्याकडे दोन उकळ्येत शिजतत," सुनीता म्हणे. "हयचे वाटाणेच दगड."

"वाटाणे तुझ्या म्हायारसूनच इले हत!"

म्हणजे वाटाणे सुटले आणि सुनेवर गुन्हा शाबीत झाला. काकी मात्र रात्री भिजत घालताना चिमूटभर सोडा टाकायची. हे तिने सुनेला सांगितलं नव्हतं. सासूपणाची थोडी शिल्लक प्रत्येकीने राखूनच ठेवायची असते. मी सहज ही हकिकत शाळेत सांगितली. दुसऱ्या दिवशी सर सुनीताच्या माहेरी जाऊन तिथल्या बावीचा कॅन भरून घेऊन आले. काकीच्या अंगणात दोन चुली मांडल्या, दोन सारखी भांडी, दोन्हीकडे मोजून तेवढेच वाटाणे. एकात देवबागचं पाणी, एकात कुडाळकडचं. वाडी जमली. सर घड्याळ हातात घेऊन मध्ये उभे, पंचासारखे. शेवटी दोन्हीतला एकेक वाटाणा त्यांनी काकीच्या तळहातावर ठेवला.

"दाबा."

एक मऊ लोण्यासारखा पसरला. दुसरा निसटून कोंबडीपुढे गेला, आणि कोंबडीनेही तो सोडून दिला.

"चुनो," सर म्हणाले. "वाटाण्याची साल आवळून धरता. सुनेची चूक नाय, शिंपल्यांची चूक."

काकीने तळहात पदराला पुसला. मग म्हणाली, "मगे शिंपल्यांका काय सांगू?" पण त्या दिवसापासून तिची सरांवर श्रद्धा बसली. सोड्याची गोष्टही तिने सुनेला सांगितली. त्या दिवशी वाटाण्यांची ती मऊ उसळ मीही दोन वाट्या खाल्ली. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे घडलं त्यावेळी मी तो धडा शिकलेला नव्हतो असं म्हणायची सोय मला नाही.

सर चुकत नसत असं नव्हे. देवळात, म्हणजे त्यांच्या देवळात, एका रविवारी पवित्र पाण्यात बोट बुडवल्यावर त्यांना संशय आला. पुढच्या रविवारी मोजा घातलेली छोटी बाटली त्यांनी कोटाच्या खिशातून नेली. घरी येऊन चांदीचं औषध टाकलं तर पाणी दह्यासारखं झालं. सर तसेच धावत पाद्रींकडे. "फादर, देवळाच्या बावीत दर्या शिरलो! माड जातले, बाग जातली!" फादरनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "कायतान, आशीर्वाद देताना त्या पाण्यात मीठ मीच घालतंय. रीत आसा ती." सर ही फजिती स्वतःच रंगवून सांगत. शेवटी म्हणत, "तेवापासून बाटली घेतल्यार आदी इचारतंय, हेच्यात कोणी काय घातल्यान तर नाय मां?"

आणि तेलाची गोष्ट तर अजून जामसंड्यापर्यंत सांगतात. आतल्या बाजूच्या एका गावात गोविंद नावाच्या शेतकऱ्याच्या काजूच्या बागेत एक झरा होता. एक दिवस त्या पाण्यावर त्याला सप्तरंगी तवंग दिसला. गोविंदाने कुणाला न सांगता झऱ्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं, म्हशीला दुसरीकडे बांधलं आणि टॉवेलात गुंडाळलेली बाटली घेऊन सरांकडे आला. दार लावून घेतलं. "सर, पेट्रोल. कोणाक सांगू नका."

सर झऱ्यावर गेले. बसले. एक काडी घेतली आणि तवंगात हळूच खुपसली. तवंगाचे तुकडे झाले, काच फुटावी तसे, आणि ते तुकडे तसेच तरंगत राहिले.

"त्याल असता तर परत जुळला असता," सर म्हणाले. "ह्यो गंज. जांभ्यातला लोखंड पाण्यात उतारता, बारीक जीव ता खातत आणि तेची साय धरता."

"म्हणजे गंज?"

"गंजच. पण जिवंत."

गोविंदाने एक तुकडा बोटाने ढकलून बघितला. मग त्याने विचारलं, "जिवंत गंज बाजारात इकूक येता?"

"नाय."

"सर, आदी बरां होतां. तुमी काडी घातल्यात आणि मोडला." त्याची बायको मात्र सरांवर खूष झाली. कुंपणामुळे तिला म्हशीकडे जाताना अर्ध्या गावाला वळसा पडत होता.

असे सर. आता मला माझ्या भागाकडे यायला हवं.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. देवबागात पर्यटक वाढले आणि माझ्या मुलाने, संदेशने, घराच्या मागे चार खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. पाहुण्यांना अंघोळीला सतत पाणी हवं. समुद्रातून आले की पाणी, समुद्रात जायच्या आधीही पाणी. संदेशने बावीवर मोठी मोटर बसवायचं ठरवलं. वाडीने हरकत घेतली, आणि ती बरोबर होती. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी यांच्यामधली वाळूची पट्टी. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. वरून जास्त उपसलं की खालचं खारं वर चढतं. एकाच्या बावीत नव्हे, आजूबाजूच्या सगळ्यांच्या.

देवळाच्या मांडवात वाडीची बैठक झाली. शेवंताकाकीच उभी राहिली. "कायतान सर काय तां सांगतले. तेंका इचारा. मी तेंचां मानतलंय." सगळ्यांनी मान्य केलं. सरांनी अट घातली. मोटर दोन तास चालवायची आणि मग बावीतून बाटली भरायची. दर सोमवारी एक, अशा चार बाटल्या. मीठ चढताना दिसलं की मोटर बंद. बाटल्या आणून देण्याचं काम माझ्याकडे. "मास्तर हाडतलो," सर म्हणाले, "म्हणजे काळजी नाय." इतक्या वर्षांचा मी त्यांचा सहकारी.

पहिली बाटली चांगली निघाली. दुसरीत मीठ किंचित जास्त. "बघूया," सर म्हणाले. तिसऱ्या सोमवारी मी बाटली भरली आणि आधी स्वतः घोट घेतला. सरांच्या संगतीत माझीही जीभ थोडी तयार झाली होती. खारट नाही म्हणता आलं असतं, पण गोडही म्हणता आलं नसतं. त्यावेळी नाताळच्या सुट्ट्या तोंडावर होत्या, चारही खोल्या ठरलेल्या होत्या आणि संदेशचं नुकतंच लग्न ठरलं होतं. मी बाटली माडाच्या मुळाशी ओतली. सरांच्या घरी जाताना वाटेत माझ्या बहिणीचं घर लागतं, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर. तिच्या बावीतून मी ती बाटली भरली. बहिणीने विचारलं, "खंय न्हेतंस पाणी?" मी म्हटलं, "औषधात घालूक."

सरांनी चांदीचे थेंब टाकले. पाणी जवळजवळ जसंच्या तसं. त्यांची भुवई वर गेली. मग साबणाचे थेंब टाकून त्यांनी बाटली हलवली. तिसऱ्या थेंबाला फेस बसला तो उतरेचना. सर त्या फेसाकडे बघत राहिले. खोपीत फक्त तो फेस आणि आम्ही दोघं.

"मोहना, ह्यां तुझ्या बावीचां पाणी?"

"व्हय."

"मगे चुनो खंय गेलो?"

चाळीस वर्षं मी पोरांची खोटी कारणं ऐकली होती, त्यातलं एकही त्या क्षणी कामाला आलं नाही. "परवा अवकाळी पाऊस पडान गेलो मां," मी म्हटलं.

पाऊस पडल्याने वाळूतला चुना जात नाही हे त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा बाटलीकडे बघायला हवं होतं, पण ते माझ्याकडेच बघत राहिले. "बरां," ते म्हणाले. "तू सांगतंस तर." आणि त्यांनी वहीत लिहिलं. चौथ्या सोमवारीही मी बहिणीकडूनच बाटली भरून नेली, आणि त्यांनी साबणाची बाटली काढलीच नाही.

बैठकीत सरांनी सांगितलं, मीठ चढत नाही. मोटर सुरू राहिली. एप्रिल संपता संपता शेवंताकाकीच्या बावीचं पाणी तोंडात धरवेना. तिची अबोलीची रोपं काळवंडली, मग आणखी दोघांच्या बावी गेल्या. पुन्हा बैठक झाली. काकी तांब्या भरून घेऊन आली आणि सरांसमोर ठेवला.

"पिया."

सरांनी घोट घेतला. सवयीने डोळे मिटले. सगळी वाडी बघत होती. ते डोळे उघडून म्हणाले, "खारां झालां. चुनो आसा. ह्यां हयचांच पाणी."

"हयचांच नाय तर काय मुंबयचां?" कुणीतरी म्हणालं आणि मांडवात हशा पिकला.

"तुमच्या शब्दार आमी मोटर चालू ठेवली, सर," काकी म्हणाली. ती हसत नव्हती. "वाटाण्यांपासून तुमका मानलंय मी. आता मी खंयचां पाणी पिऊ?"

सर उभे राहिले. हात मागे बांधले, वर्गात बांधत तसे, पण बोलले मालवणीत. "चूक माझी आसा. एका पाण्यान माका सांगलां होतां, मी हयचां न्हय म्हणान. मी पाण्याचां आयकूक नाय. माणसाचां आयकलंय."

क्षणभर कुणाला काहीच कळलं नाही. मग मागून आवाज आला, "सर, पाणी तुमच्या कानात सांगता काय?" आणि मांडव पुन्हा हसला. सर माझ्याकडे बघू शकले असते. मी समोरच होतो, खांबाला टेकून. त्यांनी बघितलं नाही. आणि मी, सगळे हसत होते म्हणून, हसलो.

मोटर त्याच दिवशी बंद झाली. जाता जाता सर संदेशला सांगून गेले, "दोन पावसाळे हात लावू नको. गोडां पाणी परत साठतलां." तसंच झालं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर काकीची बाव गोडी झाली. पण मधल्या काळात काकीने देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, त्यामुळे श्रेय देवाला गेलं आणि दोष सरांकडेच राहिला. हे सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरां झालां. देवान दोन वर्सां मोटर बंद ठेवल्यान."

देवबागात त्यांचं नाव 'खारे सर' पडलं. बाटल्या येणं बंद झालं. कुणी नवी बाव खोदली तर बाहेरून कुणाला तरी बोलावत. लूसीबाय एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तेंची काळी बोटां धवी झाली, मास्तर. माका बरी दिसनत नाय." मी घाईघाईने भाजी घेतली, नको असलेली.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. एकदा चांगली इसवण घेऊन गेलो. सर खोपीत रिकाम्या बाटल्या पुसत होते. त्यांनी मासळी लूसीबायकडे दिली, मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "झील बरो आसा? नातू झालो मां?" मी नातवाचे फोटो दाखवून परत आलो. दुसऱ्यांदा पत्र लिहायला बसलो. आयुष्यभर पोरांना पत्रलेखन शिकवलेला माणूस. मायना झाला, ख्यालीखुशाली झाली, ऋणनिर्देश झाला. तिसरं पान संपत आलं तरी विषय येईना. वाचून बघितलं तर भाषा उत्तम होती. फाडून टाकलं.

मग कळलं की लूसीबाय गेल्यावर सर कायमचे मुलीकडे, म्हापशाला निघाले आहेत. मी रिक्षा करून मालवणच्या स्टँडवर गेलो. सर गाडीत खिडकीशी बसले होते. पिशवी मांडीवर होती, किती वर्षांनी मी ती पुन्हा बघत होतो.

"मोहना! खंयसून इलंस?"

"सर, एक सांगूचां होतां."

"सांग, सांग."

"त्या वेळी, ती जी तिसरी..." एवढ्यात ड्रायव्हरने गाडी सुरू केली. ते इंजिन आमच्या शाळेच्या वयाचं असावं. सरांनी कानामागे हात धरला. "काय? मोठ्यान!" खिडक्यांतून सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. त्यात देवबागचे दोघं होते. कंडक्टरने घंटी दिली. मी गाडीबरोबर चार पावलं पळालो, पंच्याहत्तरीला आलेला माणूस, आणि तोंडाशी हात धरून ओरडलो, "पोचल्यार फोन करा!"

त्यांनी केला. त्याच संध्याकाळी. "मोहना, पोचलंय. हयचां पाणी मऊ आसा. जांभो." मग थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मला आता वाटतं, ते थांबले होते. मी म्हटलं, "तब्येत सांभाळा, सर." ते म्हणाले, "व्हय, व्हय." पावसाळ्यापूर्वी ते गेले.

हे लिहिण्याआधी मी संदेशला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "बाबा, आता कित्याक?" मग मी शेवंताकाकीकडे गेलो. ती नव्वदीला आली आहे, ऐकू कमी येतं. तिला दोनदा मोठ्याने सांगावं लागलं, सुनीतासमोर. तिने मला चहा दिला नाही. ते योग्यच झालं. पण ती माणसं जिवंत आहेत, त्यांच्यासमोर मी उभा राहू शकतो. ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगायचं वाक्य मी स्टँडवर जाताना रिक्षात बसून तयार केलं होतं. फार मोठं नव्हतं. इंजिनाच्या आवाजातही पोचलं असतं.

सर, ती बाटली माझ्या बहिणीच्या बावीची होती. पाणी खरं सांगत होतं. तुम्ही माझं ऐकलंत, आणि मांडवात मी हसलो. माका माफ करा.